उसन्या आठवणींचा सुवर्णकाळ

घरातल्या एका लग्नाच्या खरेदीसाठी मध्यंतरी रायपूरच्या गोल बाजारात गेलो होतो. हळद-कुंकू, सुपाऱ्या, बांगड्या बांधून होईपर्यंत दुकानाच्या मालकांनी एक छापील निमंत्रणपत्रिका हाती दिली. ते येथल्याच मराठी समाजातले, चार पिढ्यांपासून छत्तीसगढात असलेले. पत्रिकेवर ‘सुवर्णकाळातील गीतांचा पुनर्शोध’ असे ठळक शीर्षक होते. खाली गायकांची, वादकांची, निवेदिकेची आणि पुरस्कर्त्यांची नावे होती. १९६० ते १९८० या वीस वर्षांतली पंचवीस गाणी गायली जाणार होती. ती लिहिणाऱ्या एकाही कवीचे नाव नव्हते. तसे म्हणताच मालक सहजपणे उत्तरले, “सर, गाणी आपल्या सगळ्यांना पाठ आहेत, कुणी लिहिली ते आता कुठं शोधायचं?”

त्याच वेळी समोरच्या दुकानातून एक छत्तीसगढी गाणे ऐकू येत होते. ते कोणाचे, असे सामान उचलणाऱ्या मुलाला विचारले. त्याने गायकाचे नाव न सांगता कवीचे सांगितले : लक्ष्मण मस्तुरिया.

हा लेख या दोन उत्तरांमधील अंतराविषयी आहे. आपल्याकडे जुन्या लोकप्रिय गीतांचा जो पुनर्शोध चालल्याचे सांगितले जाते, तो शोध नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शोधात अज्ञात गोष्ट हाती लागावी लागते, निदान ज्ञात गोष्टीचे अज्ञात अंग तरी दिसावे लागते. येथे ठाऊक असलेलेच पुन्हा ऐकले जाते आणि ऐकल्याच्या सुखालाच ज्ञान समजले जाते. स्मरणरंजनाला माझा विरोध नाही. माणसाला त्याची गरज असते आणि उतारवयात ती वाढते, हे मी अनुभवाने जाणतो. माझा विरोध स्मरणरंजनाला संशोधनाचे नाव देण्याला आहे; कारण त्या नावाखाली जे निवडले जाते ते परंपरा ठरते आणि जे गाळले जाते ते नव्हतेच असे ठरते.

ही निवड कशी झाली ते पाहणे उद्बोधक आहे. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ प्रसारित झाले आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरात गीताला देवघराजवळची जागा मिळाली. पुढे मुंबई केंद्राच्या ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमांनी भावगीताला घडवले. श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींनी मंगेश पाडगावकर, शांता शेळके, आरती प्रभू, सुरेश भट यांचे शब्द घरोघर पोचवले. हे कार्य मोठे आहे आणि त्याविषयी कृतज्ञता हवीच. परंतु रेडिओवरचे तबकडीवर आले, तबकडीवरचे ऐंशीच्या दशकात कॅसेटवर आले, कॅसेटवरचे दूरचित्रवाणीवर आले. २००८-०९ मध्ये ‘सा रे ग म प लिट्ल चॅम्प्स’मधल्या मुलांनी ती गाणी नव्या पिढीला ऐकवली आणि २०१७ नंतर ‘कारवाँ’सारख्या पेट्यांतून ती विक्रीस आली. प्रत्येक टप्प्यावर आधीच्याच चाळणीतून खाली पडलेले पुढे गेले. मूळ चाळणी कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ती मुंबई-पुण्याच्या शिक्षित दिवाणखान्याची होती.

या दिवाणखान्याबाहेर त्याच वीस वर्षांत काय गायले जात होते? वामनदादा कर्डक गावोगाव फिरून आपली गीते गात होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेल्या या कवीने हजारो गीते रचली. १९५६च्या धर्मांतरानंतर एका संपूर्ण समाजाला आपल्या नव्या जगण्याचा अर्थ समजून घ्यायचा होता. ग्रंथ फार थोड्यांच्या हाती होते, गीत सर्वांच्या कानी होते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे गळे त्या काळात लोकप्रिय नव्हते, असे कोण म्हणेल? सुलोचना चव्हाणांच्या लावण्यांवर लोक जीव टाकत होते. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर आणि निधनाच्या वर्षी. ‘पिंजरा’ १९७२चा. त्याची गीते जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदमांचे. पण ‘कवी खेबुडकर’ असे म्हणताना आजही आमची जीभ अडखळते. ‘जैत रे जैत’ (१९७७) मात्र चाळणीतून सुटला. ना. धों. महानोरांची ती गीते श्रेष्ठ आहेतच. परंतु त्यांच्या मागे कवी म्हणून महानोरांची आणि संगीतकार म्हणून हृदयनाथांची प्रतिष्ठा उभी होती, हेही नाकारता येत नाही.

आता हे सारे रायपूरच्या बाजूने पाहू. येथला मराठी माणूस भोसल्यांच्या राजवटीबरोबर आला, पुढे मध्यप्रांताच्या कचेऱ्यांतून आणि रेल्वेतून आला. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २००० पासून छत्तीसगढात आहोत. लहानपणी रात्री मध्यम लहरींवर नागपूर केंद्र लागे. खरखरीतून येणाऱ्या त्या गाण्यांचे शब्द माझी आई वहीत उतरवून घेई. जो शब्द ऐकू आला नाही तेथे ती जागा सोडी आणि पुढच्या वेळी भरी. त्या गाण्यांतली पुण्याची टेकडी किंवा मुंबईचा समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. तरीही ती आठवण तिने आपली मानली, आणि तिच्या पिढीला तो अधिकार होता. दूर राहिलेल्या भाषेला धरून ठेवण्याचा तिच्याजवळ तेवढाच मार्ग होता.

आमच्या पिढीला ती सबब नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यात आणि राजनांदगावच्या गिरणीत विदर्भातून आलेली बौद्ध कुटुंबे होती. चौदा एप्रिलला त्यांच्या वस्त्यांतून भीमगीते ऐकू येत. ती मराठी होती, त्याच काळातली होती आणि आमच्या घरापासून फार दूर गायली जात नव्हती. आमच्या ‘सुवर्णकाळा’त त्यांतले एकही नाही. न पाहिलेल्या समुद्राची आठवण आम्हांला येते आणि ऐकलेल्या गाण्याची येत नाही. उसन्या आठवणीने स्वतःची आठवण पुसली जाते ती अशी.

छत्तीसगढी गीतांविषयीही आमचे हेच झाले. मनू नायक यांचा पहिला छत्तीसगढी चित्रपट ‘कहि देबे संदेस’ १९६५चा. ब्राह्मण मुलगी आणि सतनामी तरुण यांच्या प्रेमाची ती कथा. त्यातली गीते हनुमंत नायडू यांची, मोहम्मद रफींनीही त्यांत गायन केले. ७ नोव्हेंबर १९७१ रोजी बघेरा गावी दाऊ रामचंद्र देशमुखांनी ‘चंदैनी गोंदा’चा पहिला प्रयोग केला. शेतकऱ्याचे जगणे गीतांतून मांडणाऱ्या त्या कार्यक्रमात मस्तुरियांचे शब्द आणि खुमान साव यांचे संगीत होते. नरेंद्र देव वर्मा हे तर भाषाशास्त्राचे अभ्यासक. छत्तीसगढीच्या घडणीवर त्यांनी विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहिला आणि गीतही लिहिले. त्या गीताला २०१९ मध्ये छत्तीसगढाचे राज्यगीत म्हणून मान्यता मिळाली. विद्वान माणसाने गीत लिहिले म्हणून त्याची विद्वत्ता तेथे उणी मानली गेली नाही.

महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये राज्यगीत स्वीकारले. ते नागपूरच्या राजा बढे यांचे. शाहीर साबळे यांच्या आवाजाने आणि खळ्यांच्या संगीताने ते सर्वतोमुखी झाले. स्वीकारताना मूळच्या तीन कडव्यांपैकी दोन घेतली गेली. समारंभाला वेळेची मर्यादा असते, हे मान्य आहे. परंतु कोणते कडवे का गळले आणि त्याने गीताच्या आशयात काय फरक पडला, याची वाङ्मयीन चर्चा किती झाली? एखाद्या नवकवीच्या संग्रहातली ओळ पुढच्या आवृत्तीत बदलली असती, तर आम्ही परिसंवाद भरवला असता.

येथे मूळ दोषाकडे येतो. तो पत्रिका छापणाऱ्यांचा नाही, समीक्षकांचा आहे. आम्ही ‘कविता’ आणि ‘गीत’ अशी दोन दालने केली आणि दुसऱ्याला कुलूप लावून किल्ली वाद्यवृंदांच्या हाती दिली. आरती प्रभूंना ‘नक्षत्रांचे देणे’साठी १९७८चा, पाडगावकरांना ‘सलाम’साठी १९८०चा, महानोरांना ‘पानझड’साठी २०००चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या काव्यावर प्रबंध झाले. त्याच हातांनी लिहिलेली गीते मात्र या प्रबंधांत प्रायः तळटीपेपुरती येतात. मीही यातून सुटत नाही. नवकाव्यावर चारशे पानांचा प्रबंध मी लिहिला आणि ज्या गीतांमुळे मला कवितेची गोडी लागली त्यांचा उल्लेख एकाही पानावर केला नाही. ते अशास्त्रीय दिसेल, अशी भीती होती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. गीत चालीवर तरते, चाल काढून घेतली की शब्द कोसळतात, असे म्हटले जाते. पुष्कळ गीतांबाबत हे खरे आहे. त्या वीस वर्षांतले चंद्र, चांदणे, प्राजक्त आणि मोगरा यांचे पीक उदंड होते आणि त्यात भुसा पुष्कळ होता. पण तो भुसा आहे हे सांगायला तरी समीक्षा हवी. ‘सुवर्णकाळ’ म्हटले की सारेच सोने होते आणि परीक्षा थांबते. शिवाय हा न्याय सर्वत्र लावायचा तर आमच्या अभंगाचे काय करायचे? तोही टाळ-मृदंगाबरोबरच पिढ्यान्‌पिढ्या आला. त्याला आम्ही चालीपासून तोडून वाचले आणि अभ्यासक्रमात लावले. २०१६ मध्ये बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर आमच्याकडे काहींनी भुवया उंचावल्या. तुकोबांच्या भाषेत वाढलेल्यांना त्याचे आश्चर्य वाटावे, हेच आश्चर्य.

मूल्याची कसोटी शोधायला फार दूर जावे लागत नाही. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावला अध्यापन करीत होते आणि हिंदीत लिहीत होते; त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत. शरच्चंद्रांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९चा अकादेमी पुरस्कार मिळाला. त्यांनी साहित्यमूल्याचा विचार ‘मानुषते’पाशी आणून ठेवला. ही कसोटी लावली तर अपमानित माणसाला ताठ उभे करणारे वामनदादांचे गीत कोठे बसेल आणि दिवाणखान्यातले एखादे गोड भावगीत कोठे, हे ठरवण्याचे धाडस आपण करायला हवे. निकाल प्रत्येक वेळी वामनदादांच्या बाजूने लागेल असे नाही. खटला चालवलाच नाही, ही माझी तक्रार आहे.

तेव्हा पुनर्शोध म्हणजे काय, ते सांगणे माझ्यावर येते. पहिली गोष्ट संहितेची. ‘गीतरामायण’ १९५७ मध्येच पुस्तकरूपाने आले, म्हणून त्यातील ५६ गीतांविषयी पाठ हाती धरून बोलता येते. इतर असंख्य गीतांचा असा पाठ नाही. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्यासाठी कवितेची कडवी गाळली गेली, शब्द फिरवले गेले. छापील कविता आणि गायलेले गीत समोरासमोर ठेवून पाहणे, हे विद्यार्थ्याला करता येण्याजोगे आणि अत्यंत फलदायी काम आहे. दुसरी गोष्ट कर्तृत्वाची. भीमगीते, लावण्या, कोळीगीते यांत एकाचे गीत दुसऱ्याच्या नावावर आणि अनेकांचे कोणाच्याच नावावर नाही, अशी अवस्था आहे. जे सांगू शकतील ते गायक आणि त्यांचे साथीदार आता थोडे उरले आहेत. तिसरी गोष्ट ग्रंथालयांची. गाण्यांची चोपडी, जत्रेत विकली जाणारी चार पानी पुस्तके, तबकड्यांची वेष्टने, कॅसेटमधले कागद आणि घरोघरच्या हस्तलिखित वह्या यांना आमच्या ग्रंथालयांत दाखल क्रमांक नाही. ज्याला दाखल क्रमांक नाही ते रद्दीत जाते, आणि गेले आहे.

आईच्या तीन वह्या माझ्याजवळ आहेत. त्यांत शब्द चुकलेले आहेत आणि काही जागा कोऱ्याच राहिल्या आहेत. परंतु प्रत्येक गीताखाली तिने कवीचे नाव लिहिले आहे आणि ते ऐकू न आल्यास प्रश्नचिन्ह केले आहे. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे होते. त्या पत्रिकेतल्या पंचवीसही गाण्यांचे कवी मी तिच्या वह्यांच्या आधाराने शोधले. बावीसांची नावे मिळाली, ती लिहून दुकानात नेऊन दिली आणि उरलेल्या तिघांपुढे आईसारखेच प्रश्नचिन्ह केले. त्या तीन प्रश्नचिन्हांपासून कोणा विद्यार्थ्याने आरंभ करावा. पुनर्शोध हा शब्द त्याने वापरला तर माझी हरकत असणार नाही.