उधारीची वही आणि माणसाची पत

व्यापारी बांधवांनो, औरंगाबादी हिमरूत ताणा सुताचा, बाणा रेशमाचा. सूत सूतच राहते, रेशीम रेशीमच; कापड मात्र एक. मे २०१८ च्या दंगलीनंतर 'आपल्याच माणसाशी व्यवहार करा' हे हर्सूलमध्ये दोन्हीकडून कानी आले. मीही जुन्या हिंदू गिऱ्हाइकांची उधारी बंद केली. दिवाळीआधी त्यांतला एक शेतकरी मागची बाकी चुकती करून मुकाट्याने निघून गेला. ती शरम अजून जात नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या निधनसमयी त्यांचे चिलखत जवाच्या उधारीपोटी एका यहुद्याकडे गहाण होते, हे ठाऊक असूनही मी असे वागलो. उधारी पत पाहून द्यावी, नाव पाहून नव्हे. वही मी पुन्हा उघडली आहे. तुम्हीही उघडा.