घरच्या मॅटवर फायनल जिंकणारे संघ दोनच, आणि दोन्हींच्या कोपऱ्यात एकच माणूस : कबड्डीतल्या 'जादा' डिफेंडरचं गणित

३१ ऑक्टोबर २०२५. दिल्लीचं त्यागराज स्टेडियम. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची फायनल. पुणेरी पलटण मागे होती, पण फार नाही. शेवटच्या मिनिटात पुण्याचा आदित्य शिंदे चढाईला गेला आणि दिल्लीच्या फझल अत्राचलीने त्याला धरला. सामना तिथेच संपल्यात जमा होता. दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८.

सोशल मीडियावर लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, दिल्लीला घरचं मैदान मिळालं म्हणून जिंकली. दुसरा म्हणाला, मॅट सगळीकडे सारखीच, घरचं-बाहेरचं काय घेऊन बसलात?

दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे. पण खरी गोष्ट आहे ती धरणाऱ्याची.

आधी आकडे बघू

२०१४ ते २०२५ या काळात प्रो कबड्डीच्या बारा फायनल झाल्या. त्यातल्या फक्त तीन फायनलमध्ये एक संघ आपल्याच शहरात खेळत होता. २०१४ मध्ये मुंबईत यू मुंबा जयपूरकडून २४-३५ असा हरला. २०१५ मध्ये त्याच मुंबईत, वरळीच्या एनएससीआयमध्ये, यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवलं. त्यानंतर थेट दहा वर्षांनी दिल्ली. म्हणजे घरच्या प्रेक्षकांसमोर कप उचलणारे संघ दोनच : मुंबई आणि दिल्ली.

तीन सामन्यांवरून कुठलाच नियम बनत नाही, हे उघड आहे. पण एक योगायोग सोडवत नाही. २०१५ च्या यू मुंबात आणि २०२५ च्या दबंग दिल्लीत, दोन्हीकडे डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली होता. आणि २०२२ मध्ये तोच फझल पुणेरी पलटणचा कर्णधार म्हणून मुंबईत फायनल खेळला, तेव्हा पुणे जयपूरकडून २९-३३ असं हरलं. मुंबई पुण्याला परकी नाही, पण ते घरही नाही.

यू मुंबाच्या २०१५ च्या विजयाचा विषय निघाला की लोकांना अनुप कुमारचं बोनस घेणं आठवतं, शब्बीर बापूच्या चढाया आठवतात. घरच्या मैदानाचं आपल्याकडचं चित्रच तसं आहे. पब्लिक ओरडतंय, आपला रेडर घुसतोय, पॉइंट घेऊन उडी मारून परत येतोय. कोपऱ्यात वाकून उभा असलेला माणूस त्या चित्रात नसतो.

घरचं मैदान म्हणजे नेमकं काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात बोरी अरब आहे. विदर्भातल्या अशा गावांमध्ये हिवाळ्यात कबड्डीचे खुले सामने होतात. चुन्याच्या रेषा, हॅलोजनचा उजेड, वजनगट, आणि रेषेला पाय लावून बसलेली पोरं. हा खेळ इकडे नवा नाही. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डी दाखवली होती.

मातीवरच्या सामन्यात घरचं मैदान ही खरोखरची गोष्ट असते. कुठे माती भुसभुशीत आहे, कुठे पाय सरकतो, कुठल्या कोपऱ्यात उजेड कमी पडतो, हे गावच्या संघाला पाठ असतं. बाहेरून आलेल्या रेडरला ते पहिल्या दोन चढायांत कळत नाही.

मॅट आली आणि हा फायदा गेला. १३ मीटर बाय १० मीटरचं मॅटचं मैदान वरळीत जसं, तसंच जयपुरात. मग घरचं म्हणून उरतं काय? प्रवास वाचतो, झोप नीट होते, आणि गर्दीचा आवाज मिळतो.

यातल्या आवाजाचा खेळ गमतीचा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये घरचा संघ हल्ला करत असतो तेव्हा स्टेडियम गप्प बसतं, कारण खेळाडूंना क्वार्टरबॅकच्या हाका ऐकू यायला हव्यात. पाहुण्यांचा हल्ला आला की तेच लोक कान किटतील इतकं ओरडतात. कबड्डीत उलटं. आपला रेडर गेला की पब्लिक पेटतं. खरं तर रेडरला 'कबड्डी कबड्डी' हा दम पंचाला ऐकू जाईल असा धरावा लागतो, आणि आवाजात सर्वात आधी तोच बुडतो. तिकडे बचावातली हाकही पोचत नाही. कोपऱ्यातल्याने 'आता' म्हटलेलं शेजारच्या कव्हरला ऐकू आलं नाही, तर पकड अर्धवट होते आणि एकाऐवजी दोन गडी बाद होतात. म्हणून वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली कोपरा-कव्हरची जोडी आवाजावर विसंबत नाही. ती नजरेवर आणि धरलेल्या हाताच्या हिसक्यावर खेळते. अशा जोडीला घर काय आणि परगाव काय.

आता 'जादा' माणसाकडे येऊ

कबड्डीत एका बाजूला सात जण. साधारण मांडणी तीन रेडर आणि चार डिफेंडर अशी असते : दोन कोपरे, दोन कव्हर. काही प्रशिक्षक तिसऱ्या रेडरच्या जागी पाचवा डिफेंडर उतरवतात. वरवर बघता यात हल्ला कमजोर होतो. तीनचे दोन रेडर झाले की चढाईचे पॉइंट कमी होणारच, असं वाटतं.

पण कबड्डीत बाद झालेला खेळाडू आपोआप परत येत नाही. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की बाद झालेल्यांपैकी जो आधी गेला तो आधी आत येतो. समजा तुमचा हुकमी रेडर बाद होऊन बाहेर बसलाय. त्याला परत आणायचा कोणी? उरलेला दुय्यम रेडर पॉइंट आणेल याची खात्री नसते. खात्रीचा रस्ता म्हणजे पकड. समोरचा रेडर धरला, की आपला रेडर आत. पाचवा डिफेंडर पकडीची शक्यता वाढवतो, म्हणजेच आपल्या मुख्य रेडरचा बाहेर बसण्याचा वेळ कमी करतो.

ज्याला आपण 'जबरदस्त चढाई' म्हणतो, तिचं अर्धं श्रेय असं मागच्या रांगेचं असतं. स्कोअरबोर्डवर मात्र पॉइंट रेडरच्या नावावर चढतात.

मॅटवर किती जण आहेत यावर नियमही बदलतात. बचावात सहा किंवा सात जण असतील तरच समोरच्याला बोनस मिळतो. पाच झाले की बोनस बंद. तीन किंवा कमी उरले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, म्हणजे एकाऐवजी दोन पॉइंट. त्यामुळे 'जास्त माणसं म्हणजे जास्त ताकद' हे समीकरण इथे सरळ चालत नाही. तीनच उरले आहेत, पण ते तिघेही पक्के डिफेंडर आहेत, अशा वेळी समोरचा रेडर घाबरत घाबरत निदानरेषा ओलांडतो आणि रिकामा परततो. उरलेल्या तिघांत दोन रेडर असतील, तर तो हसत आत येतो आणि लोण देऊन जातो. लोणचे वरचे दोन पॉइंट वेगळे.

या डावपेचात एक खड्डाही आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. पॉइंट आणा, नाहीतर बाद व्हा. दोनच रेडर घेऊन उतरलात आणि एक बाहेर असेल, तर ही चढाई एखाद्या डिफेंडरच्या गळ्यात पडते. गावच्या सामन्यात हे नेहमी दिसतं. धिप्पाड कोपऱ्याला चढाईला ढकलतात आणि तो मध्यरेषेपासून दोन पावलांवर फिरून येतो.

अमेरिकन फुटबॉलमध्येही अशीच युक्ती आहे. तिथे हल्ला करणाऱ्या संघापुढे पाच धिप्पाड लाइनमनची भिंत असते. चेंडू पकडणं हे त्यांचं काम नाही, समोरच्याला अडवणं हे आहे. थोडंच अंतर तोडायचं असलं की काही संघ चपळ खेळाडू काढून सहावा लाइनमन आणतात. तो चेंडू घेणाऱ्याच्या जागेवर उभा राहणार असेल तर त्याला पंचाला तसं सांगावं लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये डेट्रॉइट लायन्सने डॅलसच्या मैदानावर शेवटी दोन गुण मिळवले, पण कोणत्या लाइनमनने पंचाला सांगितलं यावरच घोळ झाला. गुण रद्द झाले आणि डेट्रॉइट १९-२० असं हरलं. खेळ वेगळा, पण हिशोब तोच : हल्ला वाढवायला अडवणारा माणूस वाढवायचा.

पुण्याने खड्डा कसा बुजवला

पुणेरी पलटणने २०२३-२४ च्या हंगामात याचं सर्वात चांगलं उत्तर काढलं. जादा डिफेंडर हवा, पण रेडर कमी करायचा नाही. मग दोन्ही कामं करणारी माणसं घ्यायची. मोहम्मदरेझा शाडलुई या इराणी अष्टपैलूवर त्यांनी लिलावात २ कोटी ३५ लाख रुपये लावले. तेव्हा अनेकांना हा आकडा वेडेपणाचा वाटला होता. एका कोपऱ्यासाठी एवढे? शाडलुईने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले आणि गरज पडली तेव्हा चढायाही केल्या. कर्णधार अस्लम इनामदारही चढाई आणि पकड दोन्ही करणारा. समोरच्याला कळायचंच नाही की पुण्याचे रेडर किती आणि डिफेंडर किती.

१ मार्च २०२४ ला त्यांनी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिला कप घेतला. कमी धावपळीचा, दम धरून खेळलेला सामना. घर नव्हतं, आपली गर्दी नव्हती. पुढच्या हंगामात शाडलुई हरियाणाकडे गेला आणि हरियाणा जिंकली. ती फायनल पुण्यात झाली, आणि तिथे पुणेरी पलटणच नव्हती.

२०२५ मध्ये पुणे पुन्हा वर आलं. साखळी फेरीत पुणे आणि दिल्ली हेच पहिले दोन संघ होते. क्वालिफायरमध्ये दोघांची ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि टायब्रेकरमध्ये दिल्ली ६-४ ने सरस ठरली. फायनलला पुन्हा तेच दोघे, पुन्हा दिल्लीतच.

मग दिल्लीला घराचा फायदा झाला की नाही?

झाला, पण गर्दीपेक्षा वेळापत्रकाचा जास्त. दहाव्या हंगामात प्रो कबड्डी बारा शहरांत फिरली होती. प्रत्येक संघाला आपलं शहर मिळालं, पण आठवडाभरात सलग सामने खेळावे लागत. त्यामुळे घरचा आठवडा म्हणजे बऱ्याचदा थकवाच असायचा. अकराव्या हंगामात शहरं तीनवर आली : हैदराबाद, नोएडा, पुणे. बाराव्यात चार : विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. महाराष्ट्रात एकही नाही. देशातला सर्वात मोठा कबड्डीवेडा प्रदेश, लीगमध्ये दोन संघ, आणि घरचे सामने शून्य. दिल्लीचा टप्पा मात्र हंगामाच्या शेवटी आणि बाद फेरीसकट.

शहरं कमी केली की खर्च वाचतो, टीव्हीचं काम सोपं होतं, हे मान्य. पण मग काही संघांना घर आहे आणि काहींना नाही, अशी लीग तयार होते. बाद फेरी कोणाच्या शहरात, हे आधीच ठरलेलं असतं. तीन पॉइंटने सुटलेल्या फायनलनंतर हा प्रश्न पुण्याच्या चाहत्यांनी विचारला तर त्याला रडगाणं म्हणता येणार नाही. त्याच वेळी हेही खरं की शेवटची चढाई गर्दीने नाही अडवली. फझलने अडवली, आणि तो हे काम मुंबईतही करत होता, पुण्यासाठीही करत होता.

बोरी अरबच्या पोरांना हे सामने फोनवरच बघावे लागतात, आणि बालेवाडीत झाले असते तरी फार फरक पडला नसता. यवतमाळहून पुणे काही जवळ नाही. विदर्भात प्रो कबड्डी आली ती २०१७ मध्ये, नागपूरच्या मानकापूर स्टेडियमवर. तेव्हा तिथे 'घरचा संघ' म्हणून उतरला होता बंगळुरू बुल्स, कारण त्यांना बंगळुरूत मैदान मिळालं नव्हतं.