हेगच्या न्यायालयात ‘सरंजाम’

पदवी परीक्षेचा निकाल लागला, की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : आता पुढे काय? अशा वेळी मुलाने अथवा मुलीने ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हा विषय घेऊन एम. ए. करण्याची इच्छा बोलून दाखविली, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. राजदूत होणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उरलेल्यांनी काय करावे? ही शंका गैर नव्हे. परंतु तिचे उत्तर शोधण्यापूर्वी या विद्येचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे.

पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर, १९१९ साली, वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. आपल्याकडे १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाले आणि १९७० साली ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठातील विभागही १९५६ पासूनचा. राजकारणाचे सिद्धांत, आंतरराष्ट्रीय कायदा, परराष्ट्र धोरण हे तर विद्यार्थ्यास शिकावे लागतेच. पण पुढे संशोधनाकडे वळताना पश्चिम आशिया, मध्य आशिया, दक्षिण आशिया असा एखादा प्रदेश त्याला आपला म्हणून निवडावा लागतो. खरी कसोटी तेथे लागते. कारण प्रदेश समजून घ्यायचा तर त्याची भाषा आणि त्याचे कागद वाचता आले पाहिजेत.

याचे एक उदाहरण आम्हां मराठी माणसांच्या अगदी जवळचे आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून मुक्त झाली. दमणहून तेथे जाण्यास भारताने वाट नाकारली, म्हणून पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा एक आधार होता १७७९ साली पेशव्यांशी झालेला तह. या तहाने ही गावे आपणांस सार्वभौम हक्काने मिळाली, असे पोर्तुगालचे म्हणणे. भारताचे म्हणणे असे, की दिले ते केवळ वसुलाचे उत्पन्न, राज्य नव्हे.

मग युरोपातील त्या न्यायासनापुढे पेशवाईतील सनदांचा कीस निघाला. १७८३ व १७८५ च्या सनदा तपासल्या गेल्या. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने नमूद केले, की मराठ्यांनी पोर्तुगिजांना दिले ते सालीना बारा हजार रुपयांचे जहागीर अथवा सरंजाम म्हणून. सार्वभौमत्व दिले नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडचा हा शब्द जगाच्या न्यायालयात असा अर्थासह उभा राहिला.

तेवढ्याने दावा निकालात निघाला असे मात्र नव्हे. पुढे इंग्रजांनी पोर्तुगिजांचा ताबा मान्य केला होता, हेही न्यायालयाने ध्यानी घेतले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क त्याने मानला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना मात्र तो नाकारला. आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असा निर्वाळा दिला. एका दाव्यात इतिहास, कायदा, भाषा आणि राजकारण यांची वीण कशी असते, हे समजून घेणे म्हणजेच ही विद्या होय.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मुलांजवळ या कामाचे भांडवल जन्मतःच असते. घरात मराठी, अंगणात गुजराती, कानडी, तेलुगू, कोंकणी वा हिंदी, शाळेत इंग्रजी. हा भार नव्हे. प्रदेशाच्या अभ्यासकाला परक्या मुलखात कष्टाने मिळवावी लागणारी ती शिदोरी आहे. मात्र स्वयंपाकघरापुरती उरलेली मराठी येथे कामास येत नाही. ती वाचता-लिहिता आली पाहिजे, जमल्यास मोडीही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर येथील दरबारांचे कितीतरी दप्तर मोडीत आहे. गोव्याच्या दप्तरखान्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज व मराठी दोन्ही साधनांवर आयुष्य वेचले, म्हणूनच पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास आज आपल्यापुढे आहे.

आता पोटापाण्याचे. या पदवीमुळे नोकरी आपोआप चालत येत नाही, हे मुलांना आरंभीच स्पष्ट सांगावे. परराष्ट्र सेवेची वाट लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जाते आणि ती परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधरास खुली आहे. अध्यापन, संशोधनसंस्था, वृत्तपत्रे, भाषांतर ही अन्य क्षेत्रे. त्यांत दोन-तीन भाषा लेखणीवर असणाऱ्याचे पारडे जड राहते. तेव्हा या वाटेने जाणाऱ्यास आम्ही सुचवू, की एम. ए. च्या दोन वर्षांत एक प्रदेश व त्याची एक भाषा पक्की करावी.

आणि पालकांस विनंती ही, की मुलाला ‘याचा उपयोग काय?’ असे विचारण्यापूर्वी घरातील मराठी पुस्तकांचे कपाट एकदा उघडून पाहावे. ते वाचणारे घरात कोणी उरले आहे काय, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.