सर, वही तुम्हीच वाचा

माझी बहीण नववीत आहे. तिने इंग्रजीत निबंध लिहिला. आमच्या बापावर. बाप गोदीत गोण्या उचलून उचलून मेला, त्याच्यावर. दोन रात्री बसली. आमच्या खोलीत बल्ब एकच, म्हणून मी पण जागा. मी मॅट्रिक, माझं इंग्रजी बोटीवरच्या पाट्या वाचण्यापुरतं. पण तिने वाचून दाखवलं तेव्हा कळलं, पोरीने बाप उभा केलाय.

सरांनी निबंध कॉम्प्युटरात घातला. कॉम्प्युटर बोलला, हे यंत्राने लिहिलंय. सरांनी लाल शाईने शेरा मारला : कॉपी. वर भर वर्गात म्हणाले, ‘तुमच्या वस्तीतली मुलगी असं इंग्रजी लिहील?’

द्रोणाचार्याला निदान अंगठा मागावा लागला होता. ह्यांनी अंगठा तुझा नव्हताच म्हणून सांगितलं आणि मोकळे झाले.

ज्या यंत्रावर सरांचा एवढा भरवसा, त्याची कुंडली ऐका. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. ते काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच मजकूर माणसाचा की यंत्राचा हे ओळखणारं साधन काढलं होतं. अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये गुपचूप मागे घेतलं. त्याच साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असली ७ साधनं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांचे ९१ निबंध त्यांना दिले. सगळे माणसांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकन शाळकरी पोरांचे मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण साधं आहे. पुढचा शब्द सहज ओळखता आला की हे साधन म्हणतं, यंत्राचं लिखाण. परकी भाषा लिहिणाऱ्याकडे शब्द मोजकेच, म्हणून तोच सापडतो. म्हणजे आमच्या पोरांनी साधं लिहिलं तर यंत्र पकडणार, आणि चांगलं लिहिलं तर सर.

मी खाडा करून शाळेत गेलो. भांडायलाच गेलो होतो. सरांनी टेबलावरचा वह्यांचा ढीग दाखवला. चार वर्ग, त्यात निवडणुकीचं काम. बोलता बोलता निघालं, प्रश्नपत्रिका सरांना यंत्रच काढून देतं. पोरीने वापरल्याचा नुसता संशय, तर ती चोर. सर रोज वापरतात, ते आधुनिक!

पण दोस्तहो, सरांना शिव्या घालून मी थांबणार नाही. ढीग मी डोळ्यांनी पाहिलाय. तो माणूसही ओझ्याखालीच आहे. ओझं कमी करायचं सोडून सरकार त्याच्या हातात यंत्र देतं आणि म्हणतं, घ्या, प्रगती.

आपल्यातले काही म्हणतात, हे यंत्र शाळेतून हाकला. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये बंदी घातलीच होती, मे महिन्यात उठवली. बंदी कुणाला लागू होते? ज्याच्या घरी काही नाही त्याला. बंगल्यातला पोरगा घरी जाऊन वापरतोच. महाडला १९२७ साली आपण तळ्याला पाठ दाखवली नव्हती. पाण्यावरचा हक्क घेतला होता.

दुसरे म्हणतात, यंत्राला जात नसते. नसते कशी? पिढ्यान्‌पिढ्या लेखणी ज्यांच्या हातात होती त्यांनी लिहिलेलं वाचूनच ते शिकलं. वस्तीने लिहिलेलं कमी, वस्तीबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं जास्त. २०२५ मध्ये छापून आलं, भारतातल्या एका दलित संशोधकाने अर्जाचं इंग्रजी सुधारायला दिलं, तर यंत्राने त्याचं आडनावच बदलून वरच्या जातीचं करून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. आणि ह्या यंत्राचं तोंड स्वच्छ केलं कुणी? केनियातल्या कामगारांनी. बलात्काराचे, खुनाचे मजकूर दिवसभर वाचून त्यांवर खुणा करायच्या, तासाला २ डॉलरपेक्षा कमी मजुरीत. टाइम नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये हे छापलं. गटारात उतरणारा तिथेही आपलाच भाऊ.

मग करायचं काय? गोदीतली गोष्ट सांगतो. क्रेनच्या ड्रायव्हरला बोटीच्या पोटातलं दिसत नाही. वर सिग्नलमन उभा असतो. त्याचा हात हलल्याशिवाय माल उचलायचा नाही. क्रेनवर ती किती टन पेलते ते लिहिलेलं असतं, त्याच्यावर एक गोणी नाही. आणि माल माणसावर पडला तर जाब क्रेनला विचारत नाहीत.

वर्गात सिग्नलमन सर आहेत. धड्याचा आराखडा, सरावाची गणितं यंत्राकडून काढून घ्या, पण ओळ न् ओळ तपासा आणि पोरांना सांगा की काढून घेतलंय. ते खोटं पण ठसक्यात बोलतं. तो ठसका पोरांसमोर उतरवा. फुल्यांवर, बाबासाहेबांवर यंत्राने लिहिलेलं फळ्यावर मांडा आणि पोरांनाच चुका काढू द्या. पोरांचं नाव, जात, घरची कहाणी त्यात घालू नका. २०२३ च्या डेटा कायद्यात १८ वर्षांखालचं ते मूल, आईबापाची संमती लागते. युनेस्कोने २०२३ मध्येच सांगितलंय, १३ वर्षांखालच्यांच्या हातात वर्गात हे देऊ नका. आणि पोरगं चोर आहे की नाही हे यंत्राला कधीच विचारू नका. पोराला विचारा.

हे करायला सरांना वेळ पाहिजे, शिकवण पाहिजे, वर्गात पोरं कमी पाहिजेत. ती मागणी सरांच्या संघटनेने करावी. आम्ही मोर्चात असू.

त्या दिवशी मी सरांना एवढंच म्हणालो, ‘तिला समोर बसवा. बाप हूक कुठल्या हातात धरायचा, विचारा. संध्याकाळी अंगाला वास कसला यायचा, विचारा.’

सरांनी विचारलं. ती बोलायला लागली ती घंटा झाली तरी थांबेना. सरांनी मान खाली घालून लाल शेरा खोडला.

खोडला तो स्टाफरूममध्ये. बोलले होते वर्गात. सर, जे वर्गात बोललात ते वर्गातच मागे घ्या. पोरगी अजून वाट बघतेय.