बंदूक नको, दिवसा वीज द्या

बंदुकीचा परवाना मागणारे आमच्याकडे दोन तऱ्हेचे. एकाला पीक वाचवायचं असतं, दुसऱ्याला जीव. (तिसराही एक असतो. त्याला वरातीत कमरेला काहीतरी लटकलेलं हवं असतं, पण अर्जात तो 'जिवाला धोका' असंच लिहितो.)

पहिल्याचं दुखणं खरं आहे. यवतमाळ जिल्ह्यात ढाणकीहून बिटरगावकडे निघालं की पैनगंगा अभयारण्याचं रान लागतं. हरभरा घाट्यावर आला की डुकरांचा कळप एका रात्रीत वावर उकरून ठेवतो. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद 1959 च्या शस्त्र कायद्यातच आहे. पण रात्री एक वाजता धुऱ्यापलीकडे काय हलतंय? विजेची लाईन रात्रीची असली की शेजारी त्याच वेळी ओलीत करत असतो. कमरेएवढ्या पराटीत वाकून दांड फोडतो, डोक्याला काळं मफलर, बॅटरी खिशात. तो माणूस आहे की डुक्कर, हे मला त्याच्या खोकल्यावरून कळतं. हातात भरलेली बंदूक असताना मी तो खोकला ऐकेपर्यंत थांबेन, असं छातीठोक सांगता येत नाही.

आता दुसरा, जिवासाठी मागणारा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेने प्रत्येकाला दिलाच आहे, हातात काठी असो की विळा. त्यासाठी परवाना लागत नाही. परवाना देऊन काय होतं ते बीडमध्ये दिसलं. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, त्यानंतर जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं बाहेर आलं आणि प्रशासनाला शंभराहून अधिक रद्द करावे लागले. इतकी हत्यारं असूनही तिथला सामान्य माणूस निर्धास्त झाला नव्हता. उल्हासनगरात तर फेब्रुवारी 2024 मध्ये आमदाराने पोलीस ठाण्यातच गोळ्या झाडल्या. त्यानंतर आठवड्याच्या आत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना मारणाऱ्याच्या हातात अंगरक्षकाचं परवान्याचं पिस्तूल होतं. अंगरक्षक ठेवला संरक्षणासाठी, पिस्तूल कामी आलं खुनाला.

बंदुकीच्या बाजूने अमेरिकेचे दाखले देणारे आमच्याही कट्ट्यावर आहेत. तिकडे शाळेतली लेकरं गोळीबार झाल्यास कुठं लपायचं याचा सराव करतात, हे मात्र ते सांगत नाहीत.

शिवाय बंदूक परवडणार कोणाला? यवतमाळला जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालायला ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि वशिला आहे त्याला. वावरात एकटी निंदणारी बाई त्या रांगेत कधीच नसते.

म्हणून मागणी साधी आहे. डुकरांचा बंदोबस्त वनखात्याने आपल्या प्रशिक्षित माणसांकडून करावा, नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा आणि शेतीला बाराही महिने दिवसा वीज मिळावी. जिल्हाधिकाऱ्यांनी स्वसंरक्षणाच्या नावाखाली दिलेले परवाने एकदा तपासून पाहावेत. सुरुवात पुढाऱ्यांपासून करावी.