श्रेय सुताराचे

इंग्लंडमधले मध्ययुगीन लाकडी घर दाखवताना हमखास सांगितले जाते, की ही तुळई जुन्या जहाजाची आहे. घर कललेले दिसले, की त्या काळच्या सुतारांना नेमके काम जमत नव्हते, असेही ठोकून दिले जाते. या दोन्ही समजुती घर बांधणाऱ्यांचे श्रेय हिरावून घेतात, म्हणून त्या खोडून काढल्याच पाहिजेत.

जुने, वाळलेले ओक इतके टणक, की त्यात खाच पाडताना हत्याराची धार जाते. म्हणून सुतार जवळपासच्या रानातले ओक तोडून ओले असतानाच घडवत. जहाजाचा पुरावा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या रिकाम्या खाचा बहुधा पुढे काढून टाकलेल्या लाकडांच्या, नाहीतर आधीच्या एखाद्या इमारतीच्या असतात. वाकडेपणाचे कारणही हेच ओले लाकूड. ते जागेवर वाळते, पीळ खाते. सुतार हे जाणून होता. तो एका लाकडाचे घडवलेले टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसवून ओकच्या खुंटीने जखडत असे. पीळ खाऊनही असे सांधे शतकानुशतके टिकले आहेत.

केंट परगण्यातले ‘बेलीफ’ हे घर पाहा. त्याचा जुना भाग पंधराव्या शतकाच्या आरंभीचा. भार सगळा सांगाड्यावर, चौकटींत कूड. मधले दालन थेट छपरापर्यंत उघडे, जमिनीवर शेकोटी, धुराडे नाही. अशा घरांचे सांगाडे आधी मोकळ्या आवारात आडवे जुळवत, सांध्यांवर रोमन आकड्यांच्या खुणा कोरत आणि सुटे करून जागेवर उभारत. म्हणूनच १९६८-६९ मध्ये जलाशयासाठी जागा सोडावी लागली, तेव्हा ‘बेलीफ’ सुटे करून ससेक्समधल्या सिंगल्टनच्या संग्रहालयात पुन्हा उभारता आले.

हलवलेले घर अस्सल कसे, असा आक्षेप येतो. मूळ शिवाराशी नाते तुटते, हे खरेच. घर जागच्या जागी राहणेच उत्तम. पण बुडण्याखेरीज दुसरा पर्याय नसेल, तेव्हा सुटे करून जुळवणे ही त्या बांधणीचीच रीत आहे.

डागडुजीलाही हाच न्याय लावावा. खांबाचा बुंधा कुजला, तर तेवढाच कापून नवे ओक जोडावे. सिमेंटचा गिलावा ओल कोंडून धरतो आणि लाकूड आतून कुजवतो; तिथे चुन्याचाच गिलावा हवा. सुताराची जाण मान्य करणे म्हणजे त्याच्याच पद्धतीने ते घर राखणे.