वॉरंटी कल्याणला, टीव्ही कशेळ्याला

लग्नसराईत रायगड जिल्ह्यातल्या कशेळ्याच्या आसपासच्या वाड्यांमध्ये नवा टीव्ही, नवा फ्रिज येतो, तो बहुधा कर्जत, बदलापूर किंवा कल्याणच्या शोरूममधून. बिल होता होता विक्रेता विचारतो, "दोन वर्षं वॉरंटी वाढवून टाकू का? नंतर डोक्याला ताप नको." हप्त्यात थोडीशी भर पडते, ती जाणवतही नाही, आणि घेणारा मान डोलावतो. शहरात, सर्व्हिस सेंटर दोन चौक पलीकडे असताना, हा सौदा एखाद्या वेळी परवडत असेल. कर्जत-खालापूरच्या आतल्या गावांत तो बहुतेकांना तोट्यात घालतो. त्यापेक्षा नाक्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिककडून घेतलेला जुना टीव्ही अधिक भरवशाचा.

इलेक्ट्रॉनिक वस्तूतला कारखान्यातला दोष सहसा पहिल्या काही महिन्यांतच वर येतो. तो कंपनीच्या मूळ, फुकटच्या वॉरंटीत दुरुस्त होतो. त्यानंतरची दोन-तीन वर्षं वस्तू साधारणपणे निमूट चालते, आणि वाढीव वॉरंटी विकली जाते ती नेमकी याच वर्षांसाठी, वर १८ टक्के जीएसटी लावून. दोन वर्षं नीट चाललेला जुना टीव्ही मात्र ही पहिली परीक्षा पास होऊनच विक्रीला आलेला असतो.

इथली बिघाडाची कारणंही वेगळी. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, लाइट जाते, आणि परत येते तेव्हा कधी दाब इतका वाढलेला असतो की पॉवर सप्लायचा बोर्डच उडतो. चार महिन्यांच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बोर्डावर गंज धरतो. वॉरंटीच्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचल्या तर विजेचा धक्का, व्होल्टेजची चढउतार, पाणी, उंदरांनी कुरतडलेली वायर, हे सगळं बहुतेक ठिकाणी वगळलेलं सापडतं. म्हणजे डोंगरपायथ्याच्या गावात वस्तू ज्या कारणाने बिघडण्याचा संभव सर्वांत जास्त, तेवढंच कारण सोडून बाकीच्याची हमी. त्या पैशात चांगला स्टॅबिलायझर आला असता.

मग अंतराचा प्रश्न. छोटी उपकरणं गिऱ्हाइकानेच सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायची असतात. खांडसकडच्या एखाद्या पाड्यावरून निघायचं, कशेळ्याला यायचं, तिथून कर्जत किंवा नेरळ, पुढे लोकल. वस्तू टाकायला एक फेरी, आणायला दुसरी, आणि सुटा भाग आला नसेल तर तिसरी. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने तीन फेऱ्यांत जवळजवळ साडेनऊशे रुपयांची मजुरी बुडते, भाडं वेगळंच. फुकट दुरुस्तीची ही किंमत कुठल्याही पावतीवर दिसत नाही.

जुन्या मालात फसवणूक होते, हे खरंच आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की वस्तूतली खोट विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू हद्दपार होतो. या कामासाठी पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. पण हाच निकष वाढीव वॉरंटीला लावला तर? कुठलं मॉडेल किती वेळा बिघडतं याचे आकडे कंपनीकडे असतात, गिऱ्हाइकाकडे नसतात. त्या आकड्यांवरच वॉरंटीची किंमत बसवलेली असते. उलट कशेळ्यात दुकान मांडून बसलेल्या मेकॅनिकने खराब टीव्ही गळ्यात मारला, तर दुसऱ्या दिवशी बाजारात चारचौघांत त्याला जाब विचारला जातो. त्याच्या तोंडी गॅरंटीमागे त्याचा रोजचा धंदा उभा असतो.

अर्थात, भरवसा असला तरी पारखून घ्यावं. जुना टीव्ही निदान अर्धा तास चालू ठेवायला लावावा, कारण काही दोष बोर्ड तापल्यावरच दिसतात. आवाज येतो आणि चित्र नाही, असा टीव्ही स्वस्तात मिळत असेल तर अंधारात पडद्यावर टॉर्च मारून बघावं. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल बहुधा शाबूत आहे, गेली आहे ती मागची एलईडीची पट्टी, आणि ती बदलता येते. पॅनल फुटलं असेल तर मात्र हात लावू नये. जुना मोबाइल घेताना त्यावर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि 'संचार साथी' पोर्टलवर तपासावा, म्हणजे चोरीचा किंवा ब्लॉक केलेला फोन लक्षात येतो. आणि जुन्या मालाचंही बिल मागावं. दुकानदाराकडून बिलावर घेतलेली जुनी वस्तू ग्राहक कायद्याच्या बाहेर जात नाही.

फ्रिज मात्र जमेल तर नवाच घ्यावा. त्याच्या कॉम्प्रेसरला अनेक कंपन्या मुळातच दहा वर्षांची वॉरंटी देतात, आणि जुना फ्रिज वीज जास्त खातो. फार जुना फोनही नको. बॅटरी बदलता येते, पण अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेची अ‍ॅप चालेनाशी होतात.

सरकारने या बाबतीत काही पावलं टाकली आहेत. वॉरंटी खरेदीच्या नव्हे तर वस्तू बसवल्याच्या तारखेपासून मोजावी, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. लग्नाच्या महिनाभर आधी घेऊन खोक्यातच ठेवलेल्या फ्रिजसाठी ही मोठी गोष्ट आहे. ती सूचनेवर न थांबता सक्तीची व्हायला हवी. 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण त्याचा उपयोग गावातल्या मेकॅनिकला अस्सल सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे रास्त दरात मिळाले तरच. वाढीव वॉरंटी विकताना सर्वांत जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि वस्तू न्यायची कुणी, हे बिलावर ठळक मराठीत छापणंही बंधनकारक करावं. ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत आणि दुरुस्ती नाकारली गेली आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे भागलं नाही तर अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, फक्त ती दोन वर्षांच्या आत करावी लागते.